नाडीला पिन

"या नाडीला कुणाचं बरं बघवत नाही," सासूबाई पुटपुटल्या. शिलाई मशीनपाशी बसून त्या मुलाच्या पायजम्यात नाडी ओवत होत्या आणि ऐन नेफ्याच्या मध्यावर पिन बोटांतून निसटली होती. शेजारी चहा पीत बसलेल्या सुनेनं ऐकलं, पण हात पुढे केला नाही. मागे एकदा केला होता, तर घरात आठवडाभर अबोला.

तीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेल्या बाईच्या बोटांना संधिवातानं धरलं होतं. शरीराचे राखणदारच सांध्यांवर उलटतात, त्या जातीचा संधिवात. सून नेमकी त्याच दुखण्याच्या औषधावर प्रयोगशाळेत काम करायची. तिथं रुजू झाली त्या दिवशी उत्साहाच्या भरात बोलून गेली होती, "आई, हे तुमच्या हातांसाठी." झालं! तेव्हापासून औषध कधी येणार, हा प्रश्न घरात कुणी कुणाला विचारत नसे.

काम काय ते समजावताना मात्र सुनेची दमछाक झाली होती. औषध पेशीच्या दारातच अडतं. म्हणून त्याला पेप्टाइड नावाची, प्रथिनाच्या तुकड्यांची बारीकशी साखळी जोडायची. ती आत शिरते आणि औषधाला ओढून नेते, तेही सुजलेल्या सांध्यातच. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणजे नाडीला सेफ्टी पिन, असं म्हणून मोकळ्या झाल्या, आणि एवढ्यासाठी इतकी वर्षं शिकलीस होय, असंही विचारलं. सुनेनं हे प्रयोगशाळेत सांगितलं. मग तिथले साहेबसुद्धा 'आज पिन कुठवर?' असंच विचारू लागले. दोन वर्षं पिन कधी भलत्याच नेफ्यात शिरायची, कधी नाडी अर्ध्यात टाकून एकटीच पुढं जायची.

दर रविवारी सून एक वही उघडायची. सकाळी उठल्यावर मूठ नीट वळायला किती वेळ लागतो, एवढाच तिचा प्रश्न. त्या वहीवरून डॉक्टर सध्याच्या गोळ्या ठरवत. सासूबाईंचं उत्तरही ठरलेलं, दहा मिनिटं. ही दहा मिनिटं कशी जमतात ते त्यांना आणि मोठ्या पातेल्यालाच ठाऊक. सून उठायच्या आत त्या गरम पाण्यात हात बुडवून बसलेल्या असत. पोरगी एवढी राबते, तिला कशाला नाउमेद करायचं!

आज वही उघडणार तोच सुनेचा फोन वाजला. साहेबांनी फोटो पाठवला होता. औषधाला चमकणारा रंग जोडला होता आणि उंदराचा सुजलेला घोटा हिरवागार उजळला होता. धडधाकट पाय शेजारी अंधारात. खाली एकच ओळ : नाडी पोचली, सूज उतरतेय.

सून उठली ती कप लवंडूनच, चमचा घरंगळत कुठं खाली गेला. अंघोळ अर्धवट टाकून मुलगा, म्हणजे तिचा नवरा, कानाला साबण तसाच घेऊन धावत आला, तिनं त्याला ओल्या अंगानिशी गरगर फिरवलं. सासूबाईंनी चष्मा शोधून फोटो पाहिला. मेला काय ऐटीत बसलाय, पाय पुढं करून, जसा काही माप द्यायला आलाय, असं त्या उंदराला उद्देशून म्हणाल्या, आणि तिघंही डोळ्यांत पाणी येईतो हसली.

"आता काय आई, आता तुझे हात..." मुलगा म्हणाला आणि वाक्य गिळून चमचा शोधायला खाली वाकला. सून गरज नसताना फोटो मोठा करत राहिली.

सासूबाईंनी दोघांकडे पाहिलं. मग पायजमा उचलून सुनेच्या मांडीवर टाकला.

"ही नाडी तू ओव. आणि ऐक. उंदरापासून माणसापर्यंत यायला या औषधाला दहा-पंधरा वर्षं लागतील. माझ्या हातांना ते मिळायचं नाही. तुला कळतंय, मला कळतंय, आणि चमचा शोधतोय त्या गाढवालाही कळतंय. मिळेल कुणाच्या तरी हातांना, आणि मी सांगत सुटेन की पिन आमच्या घरातली. रडतेस काय, वही घे. दहा मिनिटं नाही, दीड तास लागतो मला. लिही."