नवऱ्याचं पूर्ण नाव

उयांगाच्या सासूबाईंना समुद्र बघायचा होता आणि तोही लवकर. डावा डोळा दोन वर्षांपूर्वीच गेला होता. उजव्याबद्दल उलानबातरच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की हा उन्हाळा निघेल, पुढचं काही खरं नाही. सासूबाईंचं नाव दुलमा, वय एकाहत्तर, जन्म सगळा गवत, डोंगर आणि मेंढ्यांच्या पाठी बघण्यात गेलेला. त्यांनी रडारड केली नाही. दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता एवढंच म्हणाल्या, "मग मला समुद्र दाखवा. बाकी सगळं बघून झालंय."

"आई, टीव्हीवर दाखवतो की," उयांगाचा नवरा तुलगा म्हणाला.

"टीव्हीवर तर तूसुद्धा शहाणा दिसशील," सासूबाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

म्हणून कोरिया ठरला. उयांगा वर्षातून चारदा तिथे जाऊन क्रीम-पावडरी आणायची आणि इकडे विकायची, तेव्हा तिचा व्हिसा होताच. प्रश्न सासूबाईंचा होता. पर्यटक व्हिसा म्हटलं तर चार दिवसांची बाब. पण चार दिवसांसाठी म्हणून गेलेली आमची कितीतरी माणसं तिथल्या कारखान्यांत रुजू होतात आणि वर्षानुवर्षं उगवत नाहीत. त्यामुळे व्हिसा कचेरीतल्या खिडकीपलीकडचा माणूस प्रत्येकाकडे पळून जाणारा म्हणूनच बघतो. त्याचंही चूक नाही. एकदा नकार मिळाला की निदान सहा महिने पुन्हा अर्ज करण्यात अर्थ नाही, हे उयांगाला धंद्यातल्या बायकांकडून ठाऊक होतं. सहा महिन्यांनी समुद्र जागच्या जागी असता, पण डोळा नसता.

तेव्हा तिने कंबर कसली. गावाहून तालुक्याच्या शिक्क्यासह जनावरांचा दाखला मागवला. दोनशे दहा मेंढ्या आणि चौदा घोड्या मागे टाकून कोणती म्हातारी सोलमध्ये भांडी घासायला राहील? फोटोसाठी सासूबाईंनी निळा रेशमी देल, म्हणजे आमचा लांब अंगरखा, घातला आणि सणाची टोपी काढायला साफ नकार दिला. कान दिसले पाहिजेत, असा नियम आहे म्हटल्यावर म्हणाल्या, "माझ्या कानांशी त्यांना काय करायचंय? मी बघायला चाललेय." शेवटी टोपी मांडीवर ठेवून फोटो निघाला.

मार्चमधल्या एका मंगळवारी मुलाखतीला बोलावलं होतं. शहरातल्या नेहमीच्या तुंबलेल्या रस्त्यावर गाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती. तेवढ्या वेळात उयांगाने सगळे प्रश्न पुन्हा घोकून घेतले.

"जन्मतारीख?"

"कागदावरची की खरी?"

"आई! कागदावरची."

"तसं सांग ना मग."

कुठे उतरणार, किती दिवस, खर्च कोण करणार, परत का येणार. अकरा प्रश्न होते आणि अकराही सासूबाईंना तोंडपाठ झाले. बारावा उयांगाच्या डोक्यातच आला नाही, कारण त्याचं उत्तर कुणालाही येतं असंच तिने धरलेलं.

आमच्याकडे आडनावाच्या जागी बापाचं नाव लावतात. सासरे गोंबो, त्यांच्या वडिलांचं नाव चुलून, म्हणून सासऱ्यांचं पूर्ण नाव चुलून गोंबो. आणि चुलून हे नाव दुलमांनी लग्नानंतर एकदाही उच्चारलेलं नव्हतं. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हा जुना रिवाज. शहरात तो कधीच मोडीत निघाला. चुलून म्हणजे दगड. म्हणून सासूबाई दगडालाही दगड म्हणत नसत. "जपून ग, वाटेवर टणक आहे," असं म्हणायच्या. नातवंडं त्यावरून खिदळायची. "आजी, माझ्या बुटात टणक गेलं!"

उयांगाला मात्र याचा मनातून राग यायचा. स्वतः ती हे नाव खुशाल घ्यायची, कधी कधी तर मुद्दाम. "चुलून आजोबांचा फोटो पुसायला हवा," असं ती मोठ्याने म्हणाली की सासूबाई उठायच्या आणि घोड्या बघायला बाहेर जायच्या. माणूस जाऊन वीस वर्षं झाली तरी त्याचं दडपण मानेवरून उतरत नाही, याला काय म्हणावं? अकरा वर्षांच्या संसारात हे एक कोडं तिने तसंच सोडून दिलं होतं.

कचेरीच्या दारात रखवालदाराने चहाचा थर्मास काढून घेतला. "अर्धा प्यायलास तरी चालेल," सासूबाईंनी त्याला सांगितलं, "पण झाकण नीट लाव." मग नंबर लागला. खिडकीशी इथलीच एक तरुण मुलगी दुभाषी म्हणून बसली होती. तिच्या मागे चष्म्यातले कोरियन साहेब एकेक कागद उलटत होते. सासूबाईंनी बाहीतून वाळवलेल्या दह्याचे दोन तुकडे काढले आणि काचेखालच्या फटीतून आत सरकवले.

"आजी, इथे असं चालत नाही," मुलगी हसू दाबत म्हणाली आणि तुकडे हळूच परत सारले. "कोरियात कशाला जायचंय?"

"समुद्र बघायला."

"किती दिवस?"

"चार. पाचव्या दिवशी आमचा म्हातारा मेंढ्यांबरोबर गवत खायला लागेल. त्याला साधा चहा येत नाही."

मुलीने हे मागे सांगितलं. साहेबांनी मान वर केली आणि तेही किंचित हसले. उयांगाच्या जिवात जीव आला.

"नवऱ्याचं पूर्ण नाव सांगा."

"गोंबो."

"पूर्ण, आजी. त्यांच्या वडिलांच्या नावासकट."

सासूबाईंनी ओठ मिटले.

"आजी?"

"ते माझे सासरे," सासूबाई म्हणाल्या. "त्यांचं नाव मोठं आहे. मी घेत नाही."

मुलीला कळलं. तिच्या चेहऱ्यावरून दिसलं की तिच्याही घरात अशी एखादी आजी होऊन गेली असावी. तिने मागे वळून समजावून सांगितलं. साहेबांनी जनावरांचा दाखला पाहिला, अर्ज पाहिला, आणि बराच वेळ काहीतरी बोलले.

"ते म्हणतात, अर्जावरचं अक्षर दुसऱ्याचं आहे," मुलगी म्हणाली. "भाड्याची माणसं, दुसऱ्याचे कागद, असले प्रकार होतात. अर्जदाराला नवऱ्याचं पूर्ण नाव सांगता येत नसेल तर अर्ज पुढे कसा पाठवायचा?"

"लिहून दिलं तर?" उयांगाने घाईघाईने विचारलं.

"हाताने बोललं तरी ते बोलणंच," सासूबाई म्हणाल्या.

मुलीने उयांगाकडे पाहिलं. "त्यांना जरा बाकावर बसवा. पंधरा मिनिटांनी पुन्हा बोलावते. त्यापुढे माझ्या हातात काही नाही."

बाकावर बसल्या बसल्या उयांगाचा बांध फुटला. "आई, तीन अक्षरं आहेत! इथे कोण ऐकतंय? वर गेलेल्या माणसाला काय कळणार आहे? अख्खा हिवाळा मी या कागदांमागे धावले आणि तुम्ही एका नावापायी सगळं घालवता? इतकं कसलं भय घातलं होतं त्यांनी तुम्हाला?"

सासूबाई मांडीवरच्या टोपीची किनार चाचपत होत्या.

"भय?" त्या म्हणाल्या. "तुला भय वाटलं होय ते!"

मग त्या बोलू लागल्या, समोर बघत, गावाकडची जुनी हकिगत सांगावी तशा.

"एकोणिसाव्या वर्षी मी त्या घरात आले. तेव्हा मेंढ्या आपल्या नव्हत्या, सहकारी संघाच्या होत्या. एक कोकरू दगावलं तरी जाब द्यावा लागायचा. मला येऊन दोन महिने झाले नव्हते, तोच वादळ आलं. कोकरांच्या वाड्याचं दार लावायचं काम माझं. मी विसरले. सकाळी एकोणतीस कोकरं बर्फात आडवी. मी मोजली, पुन्हा मोजली, आणि तिथेच बसले."

"मग?"

"मग संघाचा अध्यक्ष आला. सगळ्यांना जमवलं. हयगय कुणाची, म्हणून विचारलं. मी उठणार, तोच थोरले, माझे सासरे, उभे राहिले. म्हणाले, 'दार मी उघडं टाकलं. पिऊन आलो होतो.'"

उयांगा त्यांच्याकडे बघत राहिली.

"ते पीत नव्हते, पोरी. जन्मात कधी नाही. सणाला वाटी नुसती ओठांना टेकवून खाली ठेवायचे. त्या दिवसापासून तालुकाभर दारुडा झाले. त्या वसंतात उत्तम मेंढपाळाचं पदक मिळायचं होतं, तेही गेलं. घरी आल्यावर मला एवढंच म्हणाले, 'चहा गरम कर. आणि हे आपल्या दोघांतच राहू दे.' तुझ्या सासऱ्यालाही ठाऊक नाही. त्याला अजून वाटतं, आपला बाप प्यायचा."

"आणि तुम्ही इतकी वर्षं..."

"लोकांनी त्यांचं नाव वाटेल तसं तोंडात घोळवलं. माझ्यापायी. मी काय करू शकत होते? बोलायला तर त्यांनी बंदी केलेली. म्हटलं, निदान माझ्या तोंडून तरी ते नाव वापरलं जायचं नाही. दुसरं द्यायला माझ्याकडे होतंच काय?"

"पण समुद्र, आई?"

सासूबाईंनी चांगला डोळा तिच्याकडे वळवला. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "मला फार बघायचाय ग तो," त्या म्हणाल्या. "फार म्हणजे फार."

खिडकीतून हाक आली. दोघी उठल्या. मुलगी यावेळी खुशीत दिसत होती.

"आजी, साहेबांनी वाट काढलीय. तुम्ही नाव घ्यायला नको. अर्ज तुमच्या सुनेने भरलाय ना? मग ती नाव सांगेल, तुम्ही फक्त मान हलवायची. चालेल?"

सासूबाईंनी विचार केला. "चालेल," त्या म्हणाल्या. "ही काय, रोजच घेते."

सगळ्यांनी उयांगाकडे पाहिलं. मुलीने पेन उचललं. साहेब अर्जावर बोट ठेवून थांबले. सुटलो बाबा, असं मनात म्हणत उयांगाने तोंड उघडलं.

आणि नाव येईना.

तिने पुन्हा प्रयत्न केला. नाव तिथेच होतं, जिभेच्या मागे, ओळखीचं. चार दिवसांपूर्वी तिनेच ते अर्जावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं. पण आता त्या नावाबरोबर एक माणूस उभा राहत होता. सगळ्या गावासमोर, टोपी हातात घेऊन, न प्यायलेल्या दारूची कबुली देत. त्याला असं खिडकीच्या फटीतून आत कसं सरकवायचं? सासूबाईंना चिडवायला आपण हेच नाव कितीदा फेकलं असेल, या विचाराने तिचे कान तापले.

"सांगा ना," मुलगी म्हणाली.

उयांगाने नकारार्थी मान हलवली. "मलाही घेता येत नाही," ती म्हणाली.

"अहो, पण तुम्हीच लिहिलंय हे!"

"लिहिलं तेव्हा येत होतं."

सासूबाई हळूच तिच्याकडे वळल्या. उयांगाला त्यांच्याकडे बघायचा धीर झाला नाही. गेला समुद्र, तिला वाटलं. यांनी घालवला नाही, मी घालवला. घरी तुलगाला काय सांगायचं?

मुलगी गोंधळून मागे वळली आणि दोघींचं बोलणं तिने साहेबांना जसंच्या तसं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला. आधी सुनेकडे पाहिलं, मग सासूकडे. चष्मा पुसून पुन्हा चढवला आणि दोनच वाक्यं बोलले. मुलीने ती ऐकून खात्री करून घेतली, मग काचेकडे झुकली.

"ते म्हणतात, खोटी माणसं असती तर नाव पाठ करून आली असती." तिने अर्जावर शिक्का मारला. "व्हिसा मंजूर आहे. शुक्रवारी पासपोर्ट घेऊन जा, आजी."

बाहेर पायऱ्यांवर बर्फ घट्ट बसला होता. उयांगाने सासूबाईंचा दंड धरला. दोघी एकेक पायरी उतरत होत्या.

"तुला काय झालं होतं ग?" खाली पोचल्यावर सासूबाईंनी विचारलं. "तुझी जीभ तर एरवी अडत नाही."

"आलंच नाही तोंडात."

सासूबाईंनी दंडावरचा तिचा हात आपल्या मुठीत घेतला आणि घट्ट दाबला. "मी गेल्यावर माझं नावही असंच अडकू दे तुझ्या घशात," त्या म्हणाल्या.

उयांगाला नेहमीसारखं काहीतरी झणझणीत सुनवायचं होतं. पण तिने नुसती मान डोलावली, आणि सासूबाईंना ते दिसलं की नाही कळेना म्हणून हातही दाबला.