सोमवारच्या पाठचा

"बालाराम नाय म्हंजे काय? आमचा आजा काय आभालातून परला?"

दाजींनी फाइल ओटीवर अशी आपटली, की आजींच्या सुपाजवळ टपून बसलेली मांजर सुकट सोडून पळाली. दाजी म्हणजे माझे सासरे. आजी म्हणजे गुणाबाई, त्यांची आई. वय नव्वदीला टेकलेलं.

आमचं गाव जासईच्या अलीकडे. शिवारात आता भात थोडा नि कंटेनर फार. भादव्यात ट्रेलर गेला की रस्त्यावरचा लाल चिखल थेट आमच्या ओटीवर येतो. तो पुसत पुसतच मी म्हटलं, "दाजी, गावच्या जुन्या वहीत बाळाराम तिघे सापडले. त्यातला एक दोन वर्षांचा असताना वारला. उरलेल्या दोघांना मुलीच."

नणंदेला, स्नेहलला, नर्सिंगला राखीव जागेवर प्रवेश मिळाला होता. जातीच्या दाखल्यासाठी घराण्यातल्या कुणाची तरी 'आगरी' लिहिलेली जुनी नोंद हवी होती. मुदत शुक्रवारची. नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला. स्नेहल दोन दिवस जेवली नव्हती. मला तर तिच्यामागे माझी चार वर्षांची आभाही त्याच रांगेत उभी दिसायला लागली होती. माझा स्वभावच तसा, दूध उतू जायच्या अर्धा तास आधीपासून गॅसपाशी उभी राहणारी मी.

गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीचे फोटो मी काढून आणले होते. लिपी मोडी. ती येणारे गावातले एकटे गुरुदत्त मास्तर आमच्या ओटीवर बसून भिंगातून वाचत होते. आजेसासरे जगन यांचा जन्म त्या वहीत असणार, पण तेव्हाचा कोतवाल बारशाची वाट बघायचा नाही. 'अमक्याला मुलगा' एवढं लिहून मोकळा. म्हणजे तो 'अमका' कोण, तेच हवं होतं.

"मोटा असामी होता त्यो," दाजी म्हणाले. "बालाशेट बोलायची लोका. म्हून तर बापाच्या सगल्या कागदांवं 'जगन बालाराम' हाय." सुपाशी बसलेल्या आजींनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"शेठ होते, मग शेत कुठंय आपलं?"

"सून हायस तू. वकील नाय."

त्या माणसाला पाहिलेलं एकच माणूस आता उरलं होतं. मी आजींच्या सुपाशी जाऊन बसले.

"आजी, तुमच्या सासऱ्यांचं खरं नाव काय हो?"

"सासऱ्याचा नाव सून घेते का गो? जीब झरंल माजी."

"मग लिहून दाखवा."

"मना लिवाला आला असता तं मी हिकरं सुकट निवरत बसले असते?"

"बरं, मी एकेक नाव घेते, तुम्ही नुसती मान हलवा."

"मान हालवली म्हंजे घेतल्यावानीच."

मी उठून गॅसवरच्या भाताकडे गेले. पाठीमागे आभा बालवाडीचा अभ्यास घेऊन पणजीपाशी बसली. आजी तिची बोटं धरून मोजत होत्या, "आयतवार, सोमवार, पाठचा, बुदवार..."

"पाठचा नाही गं पणजी, मंगळवार!"

"तुमच्या शालंत आसंल. आमच्यात त्याला सोमवारच्या पाठचा बोलतान."

"मंगळवार! मंगळवार!"

आजींनी एका हाताने पोरीचं तोंड दाबलं नि दुसऱ्याने डोक्यावर पदर ओढला.

मी पळी हातात घेऊन तशीच उभी. लग्नाला सहा वर्षं झाली, 'पाठच्या वारी मच्छी नको' हे मी दर आठवड्याला ऐकत आले होते. मंगळागौरीला त्या 'श्रावनातली गवर' म्हणायच्या. मी समजत होते, वयामुळे शब्द सुचत नाहीत.

"आजी, तुमचे मामंजी मंगळवारचे का हो?"

"मी काय बोल्ले? मी नाय बोल्ले. पोर बोल्ली!"

मास्तरांना नोंद दहा मिनिटांत सापडली, त्यांनी ती कागदावर उतरवून दाजींच्या हातात दिली. 'मंगळ्या. जात आगरी. मिठागरावर मजूर. मुलगा झाला.'

"मजूर?" दाजींचा चेहरा पडला. "मंग शेट कसा?"

"मिठाच्या राशीवं उबं रावून दुसऱ्यांना हुकूम सोरायचे," आजी म्हणाल्या. "सोता फावऱ्याला हात नाय. म्हून लोका शेट लावून चिरवायची."

गुरुवारी पनवेलच्या कचेरीत गेलो. दाखल्यांचं टेबल सांभाळणाऱ्या वसुंधराबाईंनी कागद शेजारी शेजारी ठेवले. "वहीत मंगळ्या, तुमच्या कागदांवर बाळाराम. दोघे एकच कशावरून? घरातल्या जुन्या माणसाचा जबाब लागेल."

मंगळ्यालाच लोक बाळाशेठ म्हणायचे, त्याचंच कागदावर बाळाराम झालं, हे दाजींनी सांगून पाहिलं. मग रिक्षा करून आजींना आणलं. दोन्हीकडून धरून खुर्चीत बसवलं.

"आजी, सासऱ्यांचं नाव?" वसुंधराबाईंनी विचारलं.

"सोमवार हाय ना? त्याच्या पाठचा."

"असं लिहिता येत नाही हो."

"आये, येकदा बोल!" दाजी घामाघूम. "पोरीची जागा जाईल."

आजींनी स्नेहलकडे पाहिलं. ओठ उघडले. "मं..." म्हणाल्या आणि जीभ तिथेच अडली. डोळ्यांत पाणी आलं. स्नेहलच म्हणाली, "राहू दे गं आजी."

वसुंधराबाई कंटाळून वहीतल्या नोंदीची नक्कल मोठ्याने वाचायला लागल्या. "मंगळ्या, जात आगरी..."

खुर्ची करकरली. दोन माणसांशिवाय न उठणाऱ्या आजी ताडकन उभ्या राहिल्या होत्या. पदर नाकापर्यंत, तोंड भिंतीकडे.

"काय झालं? बसा ना."

"बसू कशी? मामंजींचा नाव घेतलास."

वसुंधराबाईंचं पेन थांबलं. आम्ही आजींना पुन्हा बसवलं. त्या टेकतात न टेकतात तोच वसुंधराबाई हळूच म्हणाल्या, "आणि हे बाळाशेठ?"

आजी परत उभ्या.

"ये बाय! म्हातारीला कवऱ्यांदा उठवशील? येकच मानूस हाय त्यो!"

वसुंधराबाईंनी तेवढंच वाक्य जबाबात जसंच्या तसं लिहून घेतलं. आजींनी अंगठा दिला, तोही उभ्यानेच. तो कागद फाइलीत जाऊन फाइल मिटेपर्यंत त्या काही बसल्या नाहीत.