मंदाच्या पेटीला कुलूप

वरणभाताचा पहिला घास घेतला आणि सुकदेवच्या दाताखाली कचकन मणी आला. त्या एका मण्यावरून पुढचं सगळं घडलं.

“हे घर आहे की कारखाना?” ताट पुढे सरकवत तो ओरडला. “परवा गादीत सुई, आज वरणात मणी! उद्या काय, चहात लोकर?”

“मुलींच्या शाळेच्या घाईत राहून गेलं,” मंदा म्हणाली. “दुसरं वाढू का?”

“ते राहू दे. नीट ऐक. तुझं ते तोरणांचं काम तू कर, मी नाही म्हणत नाही. पण मी घरात पाऊल टाकलं की मला एक धागासुद्धा दिसता कामा नये. आणि घरातलं कुठलंही काम त्यापायी अडता कामा नये.”

वाचकहो, वाक्य तसं फार वाईट नाही. आपल्यातल्या पुष्कळांनी ते कधी ना कधी उच्चारलं असेल आणि वर आपण किती मोकळ्या मनाचे, असं स्वतःला सांगितलंही असेल. सुकदेवनं तर दुसऱ्या दिवशी कचेरीत चारचौघांत तसं सांगितलंच. तो धुळ्याला एका सरकारी कचेरीत कारकून होता, देवपुरात त्याच्या दोन खोल्या होत्या, दोन मुली शाळेत जात होत्या. मंदाच्या बोटांत कला होती. मण्यांची तोरणं, लोकरीचे मोर, काडेपेटीच्या काड्यांचं तुळशीवृंदावन असल्या वस्तू ती घरबसल्या करायची आणि द्यायची. कोणाला द्यायची, हे सुकदेवनं कधी विचारलं नव्हतं. बायकांचं काहीतरी चाललंय, एवढ्यावर तो समाधानी होता.

मंदानं नवऱ्याचा शब्द अक्षरशः पाळला. पहाटे उठून स्वयंपाक, धुणी-भांडी, मुलींच्या वेण्या. सगळे बाहेर पडले की पेटी उघडायची आणि सुकदेव परतायच्या आत सारं पुन्हा पेटीत घालून पेटी पलंगाखाली ढकलायची. घर असं लखलखीत दिसू लागलं की त्या घरात कोणी मणी ओवत असेल, हे शपथेवर सांगितलं तरी पटू नये. चार-सहा महिने सुकदेव भलताच खूश होता.

मग एक दिवस त्याला पेटीचं कुलूप दिसलं.

“कुलूप कशाला ग?”

“मुली उचकापाचक करतात. मणी सांडतात,” मंदानं मान वर न करता सांगितलं.

उत्तर सरळ होतं. पण मान वर का केली नाही? बस्स, तेवढं पुरलं! त्या दिवसापासून सुकदेवच्या डोक्यात किडा वळवळू लागला.

त्यानंतर एकदा डोकं दुखतं म्हणून तो भर दुपारी घरी आला. गल्लीच्या तोंडाशी पोचतो तर मागच्या दाराशी एक लुना उभी. पांढरा सदरा घातलेला, मिशीवाला एक माणूस चादरीत बांधलेलं गाठोडं लुनावर ठेवत होता. मंदा दारात उभी राहून इकडेतिकडे बघत होती. लुना फटफट करत निघून गेली. सुकदेव दोन मिनिटं भिंतीआड थांबला, मग पुढच्या दारानं घरात शिरला.

“आज कोणी आलं होतं का?” त्यानं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“नाही बाई. कोण येणार?”

खोटं! आणि तेही डोळ्यात डोळे घालून! सुकदेवनं डोक्याला बाम चोळला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. तिथल्या तिथे ‘लुनावरचा माणूस कोण?’ असं विचारलं असतं तर गोष्ट पाच मिनिटांत मिटली असती. पण संशय धरलेल्या माणसाला उत्तर नको असतं, त्याला पुरावा हवा असतो. सुकदेव पुराव्याच्या मागे लागला. घरी आला की मोरीत बघायचा, कप किती धुतलेत. एक कप असला तर बरं वाटायचं, दोन असले की जेवण कडू लागायचं. मागच्या अंगणात चाकाची खूण दिसते का, तेही तो बघू लागला. मंदा गाणं गुणगुणली की ही आज एवढी खुशीत का, आणि गप्प असली की हिच्या मनात काय, असं त्याचं चालू झालं. मुलींवर विनाकारण खेकसणं वाढलं. कचेरीत एकाच कागदावर दोनदा शिक्का पडू लागला.

आगीत तेल ओतलं शेजारच्या शेवंताबाईंनी. त्या म्हणाल्या, “भाऊ, गुरुवारी मंदाबाई स्टँडवर दिसल्या. जळगाव गाडीत चढत होत्या. कंडक्टरकडे पारोळ्याचं तिकीट मागितलं. पारोळ्याला कोण शे तुमचं?”

पारोळ्याला कोणीच नव्हतं. मंदाचं माहेर पिंपळनेरला, म्हणजे नेमकं उलट्या दिशेला. सुकदेव हसून म्हणाला, “असेल काही काम.” पण घरी येताच त्यानं मोरीतले कप मोजले. आता हिला माहेरी पाठवून द्यावी आणि एकदाचा निकाल लावावा, इथपर्यंत त्याच्या मनानं मजल मारली. मुलींचं काय, हा प्रश्न आला की मात्र तो तिथेच अडायचा.

मे महिन्यात एक दिवस मंदा म्हणाली, “उद्या मला एका लग्नाला जायचंय. स्वयंपाक करून ठेवते. मुलींना शेवंताबाई बघतील. संध्याकाळच्या आत येते.”

“कोणाचं लग्न?”

“तुमच्या ओळखीतलं नाही.”

“कुठे?”

मंदा क्षणभर घुटमळली. “आहे जरा बाहेरगावी.”

सुकदेवनं मनाशी बेत पक्का केला. दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा डबा घेऊन निघाला, कोपऱ्यावरून किरकोळ रजेचा अर्ज एका सहकाऱ्याच्या हाती दिला आणि थेट स्टँडवर जाऊन खांबाआड उभा राहिला. मंदा आली. छातीशी तसंच चादरीत बांधलेलं गाठोडं! ती पुढे बायकांच्या बाकावर बसली. सुकदेव शेवटच्या बाकावर बसला आणि तोंडासमोर पेपर धरून त्यानं अख्खा प्रवास केला. शेजारच्या म्हाताऱ्यानं दोनदा सांगितलं, “भाऊ, पेपर उलटा शे.” तेव्हा कुठे त्यानं तो सरळ केला.

पारोळ्याच्या स्टँडवर लुनावाला मिशीवाला उभाच होता! त्यानं गाठोडं घेतलं, लुना हातात धरली आणि दोघं बोलत बोलत निघाली. सुकदेव वीस पावलं मागे. कपाळावर घाम, हातात न उघडलेला डबा. आज काय ते समोरासमोरच होऊन जाऊ दे, असं त्यानं ठरवलं होतं. किल्ल्यापुढची एक गल्ली वळली आणि दोघं एका मांडवात शिरली.

मांडव खरोखरच लग्नाचा होता. सुकदेव दारात थबकला, तर कोणीतरी त्याला वऱ्हाडी समजून कपाळाला गंध लावलं, डोक्यावर टोपी ठेवली आणि “बसा, बसा” म्हणत आत ढकललं. समोर रुखवताचं टेबल मांडलं होतं. मंदानं गाठोडं सोडलं, त्यातलं मोठं मण्यांचं तोरण काढून मिशीवाल्याच्या हाती दिलं आणि ती हळूच बायकांच्या मागे जाऊन उभी राहिली. मिशीवाल्यानं तोरण टेबलावर टांगलं. तो नवरीचा मामा होता, अभिमन.

“या, बघा बघा!” नवरीची आई द्रौपदाबाई वरपक्षाच्या बायकांना बोलावत होती. “बठ्ठं, सारंच्या सारं आमच्या बेबीनं हातानं केलंय. रात्रंदिवस बसली पोर!”

सुकदेव बघतच राहिला. तो मोर, ते तुळशीवृंदावन, ते तोरण! कुलपातली पेटी, मागचं दार, लुना, पारोळ्याचं तिकीट, सगळ्याचा उलगडा त्याला त्या टेबलावर झाला. रुखवत नवरीच्या हातचंच असलं पाहिजे, हा रिवाज. मग जिला ते येत नाही, तिची आई मंदाकडे मागच्या दारानं येणार आणि ‘कोणाला सांगू नका’ म्हणून वचन घेणार. त्याच्या छातीवरचा दगड उतरला. लाजही वाटली. एकदम हलकं वाटून तो निघणार, तोच नवरदेवाची बहीण पुढे झाली.

“वहिनी, तोरणाचा हा टाका मला दाखवा ना!” तिनं टेबलावरचा सुई-दोरा नवरीच्या हातात दिला.

बेबीनं सुई धरली. दोरा काही ओवला जाईना. वरपक्षाच्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. “विकतचं दिसतंय,” कोणीतरी पुटपुटलं. द्रौपदाबाईचा चेहरा पांढरा पडला.

तेवढ्यात मंदा मागून पुढे आली. “नवरीला आज कशाला त्रास, बाई? आणा, मी दाखवते. बेबीनंच तर शिकवलं मला!”

सुकदेवच्या अंगातून वीज गेली. पहाटेपासून राबून, घरातलं सगळं सांभाळून जिनं मणी ना मणी ओवला, ती स्वतःच्या कलेचं श्रेय एका अनोळखी पोरीच्या ओटीत टाकून मोकळी झाली होती!

“खोटं आहे हे!” तो ओरडला.

अख्खा मांडव त्याच्याकडे वळला. मंदानं त्याला पाहिलं. आधी ती चकित झाली, मग तिनं त्याच्या हातातला डबा पाहिला आणि तिला सारं कळलं. तिचे डोळे भरले. आपण काय करून बसलो, हे सुकदेवच्याही तेव्हाच ध्यानात आलं. एका पोरीचं लग्न त्याच्या एका वाक्यावर अडकलं होतं.

बेबीनं सुई खाली ठेवली. “ते खरं बोलतात. मी शाळेत शिकवते. चाळीस पोरांचे पाढे पाठ करून घेते, पण हे मला येत नाही. हे सगळं या मंदाताईंनी केलंय. आता कोणाला काय म्हणायचं ते म्हणा.”

“म्हणजे फसवणूकच की!” वरपक्षातले एक काका उठले.

“तू बस खाले!” खणखणीत आवाज आला. नवरदेवाची आजी ताईबाई काठी टेकत पुढे आली. “फसवणूक कसानी? पोरले शाळा शिकाडता येस. तुले येस का? मना लगीनना रुखवतमा चादर मांडेल व्हती. बठ्ठं गाव देखाले ऊनं. ती मनी मामीनी करेल व्हती. साठ वरीस माले खरं बोलता ऊनं नही, ते हाई पोर आज बोलनी. माले हाईच सून पाहिजे!”

काका खाली बसले. कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. द्रौपदाबाईनं पदरानं डोळे पुसले.

ताईबाई सुकदेवकडे वळली. “आनि तू कोन शे रे भाऊ?”

“मी... मंदाचा नवरा.”

“मंग तिनासंगे ऊना नही का?”

सुकदेवनं हातातला डबा पाठीमागे नेला. मंदाच बोलली, अगदी हळू. “ते माझ्या पाळतीवर आले, आजी.”

“काय करणार?” सुकदेव कसाबसा म्हणाला. “पेटीला कुलूप, घरी कोण येतं ते सांगायचं नाही. मी काय समजायचं?”

“घरात धागा दिसता कामा नये, असं कोण म्हणालं होतं?” मंदानं विचारलं.

ताईबाईनं काठी आपटली. “देख रे भाऊ! काम दपाडाले, पेटीमा कोंडाले तूच सांगं. तिनी दपाडं, ते शक बी तूच करस! तिनी करो तरी काय? बाईनं काम घरमा ऱ्हास, ते तिनं नाव बी घरमा ऱ्हावाले पाहिजे. लाज करनारीले नही, दपाडनाराले वाटाले पाहिजे.”

सुकदेवची मान खाली गेली. केवढा आंधळेपणा! बायकोचे कष्ट त्यानं स्वतःच्या हुकुमानं पलंगाखाली ढकलले होते आणि मग पलंगाखाली काय आहे, म्हणून स्वतःच चोर शोधत हिंडला होता!

लग्न वेळेवर लागलं. द्रौपदाबाईनं मंदाची ओटी भरली आणि सगळ्या बायकांना तिचं नाव, गाव, पत्ता मोठ्यानं सांगितला.

परतीच्या गाडीत दोघं एका बाकावर बसली. न उघडलेला डबा सुकदेवच्या मांडीवर होता.

“मंदा, मी तुझा अपराधी आहे,” शेवटी सुकदेव म्हणाला.

“मी खोटं बोलले, ते चुकलंच,” मंदा म्हणाली. “पण मनातला संशय सरळ बोलून दाखवला असतात, तर वचन मोडून तुम्हाला सांगितलं असतं. माझा नवरा मोरीतले कप मोजतो, हे मला दिसत होतं हो! रोज दिसत होतं. तेव्हा वाटायचं, आता मी कितीही स्वच्छ राहिले तरी काय उपयोग?”

सुकदेवला ते ऐकवेना. त्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं.

“सोमवारी नरडाण्याला तोरण पोचवायचंय,” थोड्या वेळानं मंदा म्हणाली. “यायचं असेल तर माझ्या मागून येऊ नका. माझ्याबरोबर या.”

सुकदेव गेला. गाठोडं त्यानंच उचललं होतं.

पुढे बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी मंदाची बैठक आली. संध्याकाळी मुलींचं खाणं सुकदेव बघू लागला. सकाळी वेण्याही घालू लागला, वाकड्यातिकड्या; मुली शाळेत जाऊन पुन्हा घालून घेत. माझं नाव सांगायचं असेल तरच काम घेईन, असं मंदानं गिऱ्हाइकांना सांगून टाकलं. काही तुटली, काही नवी आली.

बंधू-भगिनींनो, घरातली बाई घर सांभाळून चार वस्तू हातानं घडवते, तेव्हा ‘कर, पण मला दिसू देऊ नकोस’ म्हणणं हे औदार्य नव्हे. नजरेआड ढकललेल्या कष्टावरच उद्या आपला संशय वाढतो आणि त्याची शिक्षा तिला भोगावी लागते. संसाराचा तोल तिनं एकटीनं सांभाळायचा नसतो, तो दोघांनी मिळून सांभाळायचा असतो. तेव्हा पाळत ठेवण्याआधी तिच्याजवळ जाऊन बसा. ती काय करते ते विचारा, आणि ती सांगेल तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवा.