वाचून दाखवलेलं पत्र

आग्नेस टीचरनं चहाचा कप टेपरेकॉर्डरला इतका खेटून ठेवला, की विमलाबाईंनी दचकून ते यंत्र मागं ओढलं.

"सांडला तर संपलंच हो, टीचर. विद्यापीठाचं आहे हे."

मग घरीच ठेवायचं होतंत, हे आग्नेसच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण वीस वर्षं पोरांना शिकवलेल्या बाईला जीभ आवरता येते. "साखर बघा, बरोबर आहे का," एवढंच म्हणून ती आत गेली. आत म्हणजे किती आत? दाराच्या मागं. चुलीवर डाळ करपली असती तरी ती तिथून हलली नसती.

ओटीवर मटिल्डा चटईवर बसून सुकेळी बांधत होती. राजेळी केळी सोलायची, आठवडाभर ताटीवर उन्हात वाळवायची, रोज हातानं परतायची आणि रंग धरला की केळीच्याच सुक्या सोपटात आवळून बांधायची. अख्ख्या सांडोरात मटिल्डासारखी सुकेळी कुणाची होत नाहीत, हे आग्नेस दर रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर दहा जणींना ऐकवत असे. आता तीच मटिल्डा बोटं चालवत त्या मुंबईच्या बाईशी बोलत होती. बोलत कसली, घडाघडा बोलत होती.

हेच तर आग्नेसच्या पोटात दुखत होतं. अकरा वर्षं दोघींनी एका छपराखाली काढली. पण नवऱ्याचा विषय निघाला की ही बया कळशी उचलून विहिरीवर जायची. आणि ही विमला कोण टिकोजी लागून गेली? दादरची पोरगी, खांद्याला झोळी, 'स्त्रिया आणि विवाहाचे कायदे' यावर प्रबंध लिहिणार म्हणे. तोंडावर आग्नेस तिला विमलाबाई म्हणायची आणि मनात नुसतं 'ती'. 'ती' येऊ लागून तीन बुधवार झाले नाहीत, तोच मटिल्डा दर बुधवारी केसांना तेल लावून वेणी घालू लागली. आग्नेस रोज शाळेतून घरी यायची. तिच्यासाठी कुणी कधी वेणी घातली होती?

मागच्या खेपेला 'ती'चा छापील तक्ता ओटीवर राहून गेला होता. आग्नेसनं तो वाचायला नको होता. तिनं तो दोनदा वाचला. 'सध्या कोणाकडे राहते' या रकान्यात तिचं स्वतःचं नाव होतं आणि पुढं 'नातं' या रकान्यात पेन्सिलीनं लिहिलं होतं, शेजारीण. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. टायफॉइडमध्ये एकवीस दिवस उशाशी बसली ती शेजारीण काय? पण मग दुसरं काय लिहायचं, असं कुणी तिला विचारलं असतं, तर तिलाही ते सांगता आलं नसतं. गाव म्हणायचं, टीचरनं बिचारीला आसरा दिला. तेही तिला आवडत नव्हतंच.

बाहेर विमला समजावून सांगत होती. "तुमच्या ख्रिस्ती लोकांचा कायदा एकशे चौदा वर्षांचा जुना आहे, मटिल्डाबाई. नवऱ्याला लग्न मोडायचं तर बायकोचं दुसऱ्याशी जुळलंय एवढं दाखवलं की झालं. बायकोला तेवढ्यानं भागत नाही. नवऱ्यानं दुसरी केली, आणि वर मारहाण केली नाहीतर टाकून दिलं, असं दोन्ही सिद्ध करावं लागतं."

"म्हणजे त्याला एक न् मला दोन," मटिल्डा म्हणाली.

"अगदी बरोबर! हेच मी शंभर पानांत लिहितेय."

दोघी हसल्या. आग्नेसला ते हसणं मिरचीसारखं झोंबलं. ती दारात आली.

"आमच्यात लग्न मोडत नाही, विमलाबाई."

"चर्चमध्ये मोडत नसेल, टीचर. कोर्टात मोडतं. आमच्या ओळखीच्या वकीलबाई अशीच केस शोधताहेत. मटिल्डाबाईंनी दादरला माझ्याकडे येऊन राहावं, वर्षभर म्हणा. कामही मिळेल." मग ती मटिल्डाकडे वळली. "टाकून दिल्याचं सिद्ध करता येईल. दुसऱ्या बाईचं काय? पुरावा लागेल."

मटिल्डानं सोपटाची गाठ दातांनी आवळली. "त्याचं पत्र होतं ना कुवेतहून. बहात्तर साली. मी दुसरी केली, तू तुझं बघ, असं लिहिलेलं."

"ते पत्र आहे?"

"आहे की."

आग्नेसच्या हातातली बशी उंबऱ्यावर पडून फुटली. तुकडे गोळा करायला ती खाली बसली आणि बराच वेळ उठलीच नाही.

"शनिवारी येते," विमला झोळी उचलत म्हणाली. "काढून ठेवा. ते पत्र म्हणजे अर्धी केस आहे."

बहात्तर साली मटिल्डा पलीकडच्या घरात राहायची. सॅन्टनशी लग्न होऊन ती वटारहून सांडोरला आली आणि दोन वर्षांत सॅन्टन कुवेतला गेला. तिची शाळा दुसरीतच सुटलेली. त्याचं पत्र आलं की कुंपणातून वाट काढून ती आग्नेसकडे यायची. आग्नेस पत्र वाचून दाखवायची आणि तीच उत्तर लिहायची. नवरा-बायकोमधलं सगळं त्या ओटीवरून जायचं आणि यायचं. पत्राच्या निमित्तानं आलेली मटिल्डा संध्याकाळपर्यंत बसायची. दोघी वाल सोलायच्या, गप्पा मारायच्या, जपमाळ म्हणायच्या. आईवडिलांच्या मागं एकटी राहिलेल्या आग्नेसला त्या संध्याकाळींची सवय झाली. सवय कसली, भूकच लागली.

आणि मग ते पत्र आलं. कंपनीनं खोली दिलीय, दोघांना पुरेल, निघून ये. आग्नेसनं ते आधी मनात वाचलं. समोर मटिल्डा पदराला हात पुसत उभी होती, चेहरा उजळलेला, आणि तो उजेड सॅन्टनसाठी होता. आग्नेसच्या तोंडून जे निघालं, ते कागदावर नव्हतंच. मी इथं दुसरी केली. तू तुझं बघ.

मटिल्डा कागद घेऊन विहिरीकडे गेली आणि रिकाम्या हातानं परत आली. पत्र पाण्यात गेलं, असं आग्नेस समजून चालली. सॅन्टनचं पुन्हा पत्र आलं नाही, त्यामुळे खोटं आपोआप खरं झालं. दिरानं घर बळकावलं, तेव्हा मटिल्डा ट्रंक घेऊन आग्नेसकडे आली. आग्नेसनं अकरा वर्षांत किती पापनिवेदनं केली असतील, पण हे एक पाप काही पाद्रीच्या कानावर घातलं नाही.

बुधवार ते शनिवार तिनं घर पालथं घातलं. ट्रंक पाहिली, तांदळाचा डबा पाहिला, वेदीवरच्या तसबिरीमागं हात घातला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. मटिल्डा साधी खोकली तरी आग्नेस झटकन हात मागं घ्यायची.

"काय हरवलंय?" मटिल्डानं शुक्रवारी विचारलं.

"चष्म्याचं घर."

"ते तर हातात आहे तुझ्या."

शनिवारी विमला आली. मटिल्डानं वेणी घातली होती. ती आत जाऊन प्रार्थनेचं पुस्तक घेऊन आली. आग्नेसनंच वाढदिवसाला दिलेलं पुस्तक, दर रविवारी मटिल्डाच्या काखेत असायचं. त्याच्या पुठ्ठ्याच्या आवरणातून तिनं चार घड्यांचा निळा कागद काढला.

विमलानं तो उलगडला, उजेडात धरला आणि हसली. "अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय! आणि हे तर तुमच्या घरच्या बोलीत आहे. मला ओ की ठो कळत नाही. टीचर, तुम्ही वाचता? वाचा आणि साध्या मराठीत सांगत चला. मी टेप चालू करते."

कागद आग्नेसच्या हातात आला. टेपची चाकं फिरू लागली. मटिल्डानं मान खाली घालून एक सुकेळं उचललं.

आग्नेसला एकदम कळलं, की पुन्हा तेच वाचलं तरी इथं कुणाला पत्ता लागणार नाही. एकीला बोली येत नाही. दुसरीला वाचायला तिनंच शिकवलं होतं, चर्चच्या हॉलमधल्या प्रौढांच्या वर्गात. पण मटिल्डा अजूनही छापील ओळीवरून बोट फिरवत वाचायची. हे कोंबडीचे पाय तिला कुठले लागायला! खोटं वाचलं तर अब्रू वाचेल. पण मग केस उभी राहील आणि मटिल्डा दादरला जाईल, 'ती'च्या घरात राहील, 'ती'च्यासाठी रोज वेणी घालेल. खरं वाचलं तर मटिल्डा थुंकेल आपल्या तोंडावर आणि ट्रंक उचलून भावाकडे वटारला जाईल. जाऊ दे. वटारला गेलेली सोसेल. हिच्याकडे गेलेली नाही सोसणार.

पुण्य बिण्य काही तिच्या मनात नव्हतं. मत्सरानं एकदा खोटं बोलवलं होतं, तोच आता खरं बोलायला लावत होता. तिनं चष्मा सारखा केला.

"प्रिय मटिल्डा," ती वाचू लागली. "मी इथं बरा आहे. कंपनीनं मला खोली दिली आहे. दोघांना पुरेल."

विमलानं मान वर केली. आग्नेस थांबली नाही. थांबली असती तर पुढं वाचवलंच नसतं.

"पासपोर्टचे कागद पापडी गावचा एडवर्ड करून देईल. तू निघून ये. इथं पाव मिळतो, मासे मिळतात, पण सुकेळी मिळत नाहीत. येताना आण."

इथं तिनं चोरून मटिल्डाकडे पाहिलं. मटिल्डाची बोटं सोपट वळत होती, नजर खालीच होती आणि ओठ हलत होते. आग्नेसनं पुढचा शब्द वाचायच्या आधी तो शब्द तिच्या ओठांवर येऊन गेलेला असायचा.

कागदावर एकच ओळ उरली होती. आग्नेसनं चष्मा काढून हातात घेतला.

"तुला यायचं नसेल, तर उत्तर पाठवू नकोस," मटिल्डा सुकेळीकडे बघतच म्हणाली. "मी समजून घेईन."

विमलानं टेप बंद केला. वाडीत कुणाचा तरी रहाट कुरकुरत होता.

"पण बुधवारी तर तुम्ही सांगितलंत, दुसरी बाई..."

"मला जसं वाचून दाखवलं, तसं सांगितलं."

विमलानं आग्नेसकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "मग केस उरत नाही, मटिल्डाबाई. कायद्यानं बघितलं तर त्यांनी तुम्हाला नाही टाकलं. टाकलंत ते तुम्ही."

"असेल."

"तुम्हाला हे कळलं कधी?"

"वर्गातलं पहिलं पुस्तक संपलं तेव्हा. त्यानंतर हेच वाचायला घेतलं. महिना लागला." मटिल्डानं गाठ मारली. "मग उपासाचे चाळीस दिवस वटारला जाऊन राहिले."

आग्नेसला तो उपासकाळ आठवला. शहात्तर साल. राखेच्या बुधवारी मटिल्डा काही न बोलता पिशवी घेऊन गेली होती. का, ते कधी सांगितलं नाही. आग्नेस चाळीस दिवस भावजयीवर जळत बसली होती, तिनंच फूस लावली म्हणून. ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी मटिल्डा डोक्यावर केळ्यांचा घड घेऊन दारात उभी राहिली होती आणि पहिलं वाक्य बोलली होती, चहा ठेव.

"चाळीस दिवस काय केलंत तिथं?" विमलानं विचारलं.

"आधी हिला शिव्या घातल्या. सगळ्या. मग शिव्या संपल्या."

"आणि गेला का नाहीत? कुवेतला?"

मटिल्डानं बांधलेली सुकेळी टोपलीत एकावर एक रचली.

विमलानं झोळीतून तो छापील तक्ता काढला. त्यावरून पेन्सिल खाली आणत ती एका रकान्यावर थांबली. खोडरबर काढून तिथला शब्द तिनं पुसला, कागदावर फुंकर मारली. दोघींकडे आळीपाळीनं बघत ती पेन्सिल धरून बसली, पण तिथं काही लिहिलं नाही.

आग्नेस अजून तो निळा कागद धरून होती. उघडून-मिटून फाटलेल्या त्याच्या घड्या पिठाच्या खळीनं जोडलेल्या होत्या, एकदा नाही, पुष्कळदा.

"मटिल्डा," ती म्हणाली.

"ऊन कलायला लागलंय," मटिल्डा म्हणाली. "ताटीवरची केळी परतायची राहिलीत. माझे हात चिकट आहेत. तू जा."

आग्नेस उठली आणि अंगणात गेली.