मॅडमच्या घरची चोखणी

माझी बायको गावभरच्या बाळांच्या चोखण्या सोडवते, आमच्या घरातली सोडून.

ती हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ आहे. पण लोक तिला ओळखतात ते तळघरातल्या वर्गामुळे. धुलाईखान्याला लागून एक लांबट खोली आहे, तिथे दर शनिवारी दुपारी होऊ घातलेले आणि झालेले आईबाप वह्या घेऊन बसतात. वर्गाचे चार टप्पे आहेत. दिवस राहण्याआधी, पोटात असताना, कुशीत असताना आणि पायावर उभं राहिल्यावर. भिंतीपलीकडे चादरी धुणारं यंत्र घरघरत असतं आणि अलीकडे माझी बायको सांगत असते की बाळाला शांतता द्या.

हा उद्योग तिने का सुरू केला, ते मला पक्कं माहीत आहे. आम्हाला सात वर्षं मूल नव्हतं, आणि त्या सात वर्षांत तिला सल्ला दिला नाही असा माणूस आमच्या ओळखीत उरला नाही. आत्या म्हणाली डाव्या कुशीवर झोप, चुलत सासूबाई म्हणाल्या उजव्या. नणंदेने फोन करून भिंतीला पाय लावून पडून राहायला सांगितलं. माझ्या चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायला आलेला एक गृहस्थ, मी त्याच्या डोळ्यात बॅटरी मारत असताना, मलाच म्हणाला की पलंगाची दिशा बदला. आणि सगळ्यांचा शेवट एकच, टेन्शन घेऊ नका. हे ऐकून ऐकून हिचं डोकं उठायचं. शेवटी तिने ठरवलं, ज्याला त्याला सल्ले द्यायचेच असतील तर निदान एकाने तरी वाचून, शिकून द्यावेत. तिने अभ्यास केला, एक पदविका घेतली, वरिष्ठांच्या मागे लागून ती खोली मिळवली.

तेव्हाही आम्हाला मूल नव्हतंच. पहिल्याच महिन्यात एका बाईने हात वर करून विचारलं, "मॅडम, तुम्हाला किती?"

"नाही," बायको म्हणाली.

बाईने वही मिटली. मिटली म्हणजे रागाने नव्हे, अगदी सहज, दुकान बंद आहे कळल्यावर माणूस पिशवीची घडी घालतो तशी. त्या दिवशी घरी आल्यावर माझी बायको न्हाणीघरात नळ सोडून बराच वेळ बसली होती. पाणी कशासाठी सांडत होतं, हे मी विचारलं नाही.

मग दोन वर्षांनी आमचे राजे आले. कोणत्या उपायाने आले, हे तिला माहीत नाही आणि मलाही नाही, कारण तेव्हा आठ-दहा उपाय एकदम चालू होते आणि पलंगसुद्धा मी गुपचूप फिरवला होता. पण त्यानंतर वर्गात तिला किती मुलं हे कुणी विचारलं नाही. ती बोलायची आणि पेनं चालायची. आता हॉस्पिटल तिला वरच्या मजल्यावर खिडक्या असलेली खोली देणार होतं, दारावर पाटी लावणार होतं. तिला त्या पाटीचं अप्रूप नव्हतं. तिला एकाच गोष्टीची धास्ती होती, पुन्हा कुणी वही मिटेल याची.

आणि ती मिटण्याची पुरेपूर सोय आमच्या राजांच्या तोंडात होती.

राजे चार वर्षांचे आहेत. भाषा स्वच्छ, बुटाची नाडी स्वतः बांधतात, आणि निळी चोखणी तोंडात असल्याशिवाय झोपत नाहीत. वर्गात बायकोचा नियम ठाम आहे, दीड वर्षाच्या पुढे चोखणी नको. एके दिवशी काढायची. मूल तीन रात्री रडेल, चौथ्या रात्री विसरेल, तुम्ही विरघळू नका. घरी ती पहिल्याच रात्री पहिल्याच हुंदक्याला विरघळायची. रोज सकाळी चोखणी छोट्या पातेल्यात उकळायची, चिमट्याने काढायची आणि फुंकर मारून राजांना नजर करायची. नवी आणण्याचं काम माझ्याकडे. मी ओळखीच्या औषधाच्या दुकानात जात नसे, पार पुलापलीकडच्या दुकानात जायचो. तिथल्या माणसाने एकदा विचारलं, "बाळ किती महिन्यांचं?" मी म्हटलं, "खातंपितं व्यवस्थित." त्याला वाटलं मला ऐकू कमी येतं, आणि मी तो समज तसाच राहू दिला.

बालवाडी सुरू झाली तेव्हा आम्ही राजांशी तह केला, चोखणी घराबाहेर काढायची नाही. राजांनी मान डोलावली. राजे मान फार सुंदर डोलावतात.

त्याच बालवाडीत भिंगरी होती. तिची आई माझ्या बायकोची सगळ्यात निष्ठावंत विद्यार्थिनी. विमा कंपनीत लोकांच्या दाव्यांची छाननी करते, त्यामुळे जगात कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची तिला सवय नाही. फक्त 'मॅडम म्हणाल्या' म्हटलं की संपलं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून ती वर्गात येत होती, चारही टप्प्यांच्या वह्या तिच्याकडे होत्या. भिंगरी तिच्या आजीकडे वाढली आणि आजीने चोखणीची सवय लावली म्हणून आई हवालदिल झाली होती. मॅडमनी तिला तीन रात्रींचा नियम सांगितला. तिने घरी जाऊन चोखणी कात्रीने कापून टाकली.

त्या सोमवारी दुपारी बालवाडीतून फोन आला. राजांनी भिंगरीच्या दंडाला चावा घेतला होता. दोघांच्या पालकांनी यावं. मी दुकान नोकरावर टाकून निघालो, बायको हॉस्पिटलातून आली.

बालवाडीच्या कचेरीत मोठ्या माणसांसाठी खुर्च्याच नाहीत. आम्ही तिघं लालपिवळ्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीपाशी घेऊन बसलो. भिंगरी आईला चिकटून होती, दंडावर दातांची गोल नक्षी. राजे कोपऱ्यात लाकडी ट्रकचं चाक बसवत होते. मुख्य बाईंनी टेबलावर कागदी रुमाल पसरला आणि त्यावर आमची निळी चोखणी ठेवली.

"ही तुमच्या मुलाच्या मोज्यात होती," बाई म्हणाल्या. "झोपायच्या वेळी त्याने काढली. हिने पाहिली आणि हिसकावली. म्हणून तो चावला."

भिंगरीच्या आईने चोखणीकडे पाहिलं, मग माझ्या बायकोकडे पाहिलं. खोट्या दाव्याच्या कागदाकडे ती कसं पाहत असेल, ते मला तेव्हा समजलं. बायकोचा चेहरा पांढरा पडला होता.

मी म्हटलं, "चूक माझी आहे. मीच आणतो आणि मीच चोरून देतो. हिला यातलं काही माहीत नाही."

भिंगरीच्या आईचा चेहरा लगेच सैल झाला. "तरीच! आमच्याकडेही हेच. आपण जीव तोडून करायचं आणि यांनी त्यावर पाणी फिरवायचं."

मुख्य बाईंनीही मान हलवली. त्या खोलीत मोठा पुरुष मी एकटाच होतो, त्यामुळे निकाल लागायला वेळ लागला नाही. बायकोने आता फक्त गप्प राहायचं होतं. ती फरशीकडे पाहत गप्प राहिली. मला हायसं वाटलं.

"बाबा नाही देत," कोपऱ्यातून राजे म्हणाले. त्यांनी मानही वर केली नाही. "आई देते. आधी गरम पाण्यात घालते, मग फू करते."

चाक बसलं. ट्रक भिंतीपर्यंत गेला.

"मॅडम," भिंगरीची आई हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही तीन रात्री म्हणाला होतात."

"हो."

"महिना होत आला. ही रडून रडून उलटी करते. मी दाराबाहेर कानात बोळे घालून बसते, विरघळायचं नाही म्हणून. मला वाटायचं सगळ्यांना जमतं, मलाच जमत नाही. मीच नालायक. आणि तुम्ही उकळून देताय? वर फुंकर मारून?"

"प्रत्येक मूल..." बायकोने वर्गातल्या आवाजात सुरुवात केली आणि थांबली. ते वाक्य कसं संपतं हे त्या खोलीत सगळ्यांना पाठ होतं. मग ती आपल्या आवाजात बोलली. "सात वर्षं नव्हता हो तो. सात वर्षं माझ्याकडे कुणी काही मागितलंच नाही. आता हा मागतो. मला नाही म्हणता येत नाही. वर्गात येतं, घरी नाही येत." आणि ती रडायला लागली, त्या बुटक्या खुर्चीवर, शाळेत शिक्षा झालेल्या पोरीसारखी.

भिंगरीच्या आईने पर्समधून रुमाल काढला. मला वाटलं ती तो पुढे करणार, पण तिने स्वतःचंच नाक पुसलं.

"आणि ते तीन रात्रींचं आलं कुठून?" छाननीची सवय सुटत नाही ती सुटत नाही.

"एका पुस्तकात होतं."

"त्या लेखकाला किती मुलं?"

बायकोने डोळे पुसत तिच्याकडे पाहिलं. "विचारलं नाही," ती म्हणाली.

एवढ्यात भिंगरीने रडायचा सूर लावला. राजे उठले, टेबलापाशी आले, टाचा उंचावून चोखणी उचलली आणि भिंगरीच्या मुठीत कोंबली. "घे तुला," ते म्हणाले. मग आमच्याकडे वळून, "हिला रडू येतं ना."

"आधी उकळा!" दोघी आया एकदम ओरडल्या. मुख्य बाई पाणी तापवायला धावल्या.

त्या रात्री बायकोने जय्यत तयारी केली होती. कापडी अस्वल, गोष्ट, उशाशी पाण्याचा पेला. राजांनी उशीखाली हात घालून पाहिलं, "भिंगरीकडे आहे," असं स्वतःलाच सांगितलं, भिंतीकडे तोंड केलं आणि झोपले. रडणं नाही, हुंदका नाही.

"असा कसा झोपला?" बायको म्हणाली. तिला ते चक्क लागलं होतं.

सकाळी मी स्वयंपाकघरात गेलो तर गॅसवर छोटं पातेलं होतं. नुसतं पाणी उकळत होतं, आणि ती हातात चिमटा घेऊन उभी होती. "सवय," ती म्हणाली आणि गॅस बंद केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पातेलं होतं. मी तिच्याकडे पाठ करून पाव कापत राहिलो.

शनिवार जवळ आला तशी ती म्हणाली, "वर्ग बंद करावा लागणार. भिंगरीची आई आता सगळ्यांना सांगणार, आणि बरोबरच आहे तिचं."

मी म्हटलं, "मी येऊ?"

"ये. राजांना पण आण. लपवायचं काय राहिलंय?"

खोली भरलेली होती. मी राजांना मांडीवर घेऊन शेवटच्या रांगेत बसलो. पहिल्या रांगेत भिंगरीची आई, हातात वही. वही उघडी होती की मिटलेली, ते मागून दिसत नव्हतं. भिंतीपलीकडे यंत्र घरघरत होतं.

माझ्या शेजारी बसलेल्या एका तरुण बापाने हात वर केला. "मॅडम, चोखणी काढली की किती रात्री रडतं?"

बायकोने पहिल्या रांगेकडे पाहिलं.

"तुमचं मूल किती रडेल, मला माहीत नाही," ती म्हणाली. "माझं एकदाही रडलं नाही. मी अजून रडतेय. आज पाचवा दिवस."

सगळी पेनं थांबली. कुणी खोकलं. मग पहिल्या रांगेत भिंगरीच्या आईने मान खाली घातली आणि लिहायला लागली. तिचं पाहून बाकीचेही लिहायला लागले.

मी शेजाऱ्याच्या वहीत डोकावलो. त्याने लिहिलं होतं, 'आई – पाच दिवस किंवा जास्त.' आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या.