मागच्या सीटचं वजन

गॅरेजमध्ये एक मोटारसायकल होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या पेट्या काढून भिंतीलगत ठेवलेल्या, तिसरी, मागची पेटी अजून गाडीवरच. खुंट्यांवर दोन हेल्मेटं, दोन जॅकेटं, हातमोज्यांचे दोन जोड. फळीवर साखळीचं तेल, दोन ब्रश, हवा मोजायचं मीटर आणि हत्यारांचा डबा. त्या डब्यात प्रत्येक पान्याची जागा फोममध्ये कापून ठरवलेली होती, आणि एकही जागा रिकामी नव्हती. कोपऱ्यात एक लाकडी स्टूल, पायांना रबर लावलेलं. या स्टुलाचं गॅरेजमध्ये काय काम, ते मुलीला कळेना.

तिने हे सगळं मोजलं, कारण तिला बोलावलंच होतं मोजायला. ती धातूंची ताकद तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. नमुना यंत्रात धरायचा, तुटेपर्यंत ओढायचा आणि किती ताणाला तुटला ते लिहायचं, हे तिचं रोजचं काम. बाबा तिला शाळेत होती तेव्हापासून मोजपट्टी म्हणत. आठवड्यापूर्वी त्यांचा फोन आला होता.

"मोजपट्टी, रविवारी ये. धाकटीची किंमत ठरवायची आहे."

धाकटी म्हणजे ही मोटारसायकल. अकरा वर्षांपूर्वी ती घरात आली, तेव्हा बाबा तिला दर रविवारी इतक्या प्रेमाने धुवायला लागले की आई म्हणाली होती, "थोरलीला कधी एवढी आंघोळ घातली नाहीत हो." थोरली म्हणजे ही मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि हसून हसून तिला ठसका लागला होता. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. गाडी लांबच्या प्रवासाची, पण अंगात वेगही असलेली: पुढे वारा अडवणारी काच, किंचित पुढे झुकून बसायचं, आणि मागे दुसऱ्या माणसाला दिवसभर आरामात बसता येईल अशी रुंद सीट. त्या सीटवर नऊ वर्षं आई बसली. मग तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि त्यालाही आता दोन वर्षं होत आली होती.

"विकताय?" तिने फोनवर विचारलं होतं.

"विकतोय. मी किंमत ठरवली तर जास्त सांगेन, तुझ्या आईने ठरवली तर फुकट देऊन टाकेल. तू ठरव."

"पण का?"

"माझे पाय गेले," बाबा म्हणाले, आणि लगेच हवापाण्याचं बोलायला लागले.

आज सकाळी आईने तिला स्वयंपाकघरात गाठून उरलेलं सांगितलं. महिन्यापूर्वी बाबा सिग्नलला थांबले, गाडी डावीकडे कलली आणि त्यांना ती सावरता आली नाही. दोन अनोळखी माणसांनी गाडीही उचलली आणि बाबांनाही. लागलं काही नव्हतं. क्लचची दांडी वाकली, पेटीवर ओरखडा आला, एवढंच. "पण त्या दिवसापासून म्हातारे झालेत बघ," आई म्हणाली. "जिना चढताना कठड्याला धरतात. माझ्यासमोर नाही धरत. मी मागे असले की धरतात."

आता बाबा गॅरेजच्या दारात उभे होते, परीक्षेला बसलेल्या मुलाच्या बापासारखे.

मुलीने साखळी बोटाने वर-खाली करून पाहिली. ढिलाई हवी तेवढीच होती. ब्रेकच्या चकत्यांची जाडी मोजली, पुढचं चाक अधांतरी करून हँडल डावी-उजवीकडे फिरवलं, तेलाचा रंग पाहिला. मागचा टायर मधोमध थोडा सपाट झाला होता. लांबच्या सरळ रस्त्यांवर तो तसा होतोच. बाकी कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

"त्या घेणाऱ्याने फोनवर एकच विचारलं," बाबा म्हणाले. "किती किलोमीटर झाले. सांगितले, तर म्हणतो, बरीच पळलीये. पळायलाच घेतली होती! कपाटात घड्या घालून ठेवायला नव्हती घेतली."

"बाबा, किलोमीटरही बघतातच."

"बघू देत. पण प्रत्येक किलोमीटरनंतर काय केलं, ते कोण बघणार? लिफ्ट किती वेळा वर-खाली झाली ते मोजून कुणी लिफ्ट भंगारात काढत नाही. दोर बघतात, ब्रेक बघतात."

बाबांनी सारी नोकरी लिफ्टच्या देखभालीत काढली होती. त्यांना जगातली कुठलीही गोष्ट समजावून सांगायची तर लिफ्ट लागे.

"ओरखडा दिसतोय, त्याचे कमी करावे लागतील," मुलगी म्हणाली.

"कर. तो माझ्या नावावर टाक, तिच्या नको."

तिने खुंटीवरचं आईचं हेल्मेट खाली घेतलं. हेल्मेटं गाडीबरोबर द्यायची की नाहीत, ते ठरायचं होतं. आईच्या हेल्मेटच्या कडेला बोलायचं छोटं यंत्र होतं. चालत्या गाडीवर दोघं त्यावरून एकमेकांशी बोलत. मुलीने सहज बटण दाबलं. दोन वर्षं पडून राहिलेली बॅटरी मेलेलीच असणार.

हिरवा दिवा लागला. पूर्ण भरलेली.

तिने बाबांकडे पाहिलं. बाबा फळीवरचा ब्रश उचलून त्याचे केस तपासत होते.

"बाबा, जरा गाडीवर बसा," ती म्हणाली. "स्टँडवरून उतरवून."

बाबांनी गाडी खाली घेतली, पाय टाकला आणि बसले. दोन्ही पायांच्या टाचा जमिनीपासून वर राहिल्या. ते चवड्यांवर उभे होते, उंच फळीवरची बरणी काढायला निघाल्यासारखे.

"बघितलंस? पाय गेले," ते म्हणाले.

मुलीने बघितलं, पण पायांकडे नाही. बाबा बसल्यावर गाडी खाली बसायला हवी होती, ती जवळजवळ बसलीच नव्हती. तिने हाक मारली, "आई, जरा येतेस? हँडल धरायचंय."

आई आली ती गळ्यात शिवणाची टेप घेऊनच. ती शाळांचे गणवेश शिवत असे, आणि तिच्या गळ्यातली टेप फक्त झोपताना उतरे. चालताना ती डाव्या पायावर अगदी किंचित थांबून पुढे जात होती. "काय मोजताय? ही टेप घे."

"तुझी इंचांची आहे, आई. मला मिलिमीटर हवेत."

"तुझं सगळंच बारीक."

गाडीवर माणूस बसला की मागची स्प्रिंग दबते. किती दबावी, हेही ठरलेलं असतं. या गाडीला, एक जण बसो की दोघं, तीस ते पस्तीस मिलिमीटर. त्याहून कमी दबली तर गाडी उंच आणि कडक राहते, जास्त दबली तर मागे लोळते. मुलीने आधी गाडी मधल्या स्टँडवर घेतली, मागचं चाक अधांतरी ठेवलं आणि चाकाच्या आसापासून सरळ वर, सीटखालच्या बोल्टपर्यंत आपल्या स्टीलच्या टेपने अंतर मोजलं. सहाशे बारा. मग गाडी स्टँडवरून उतरवली, आईने पुढून हँडल धरलं, बाबा पाय वर घेऊन बसले, आणि तिने पुन्हा मोजलं. पाचशे सत्त्याण्णव.

"पंधरा," ती म्हणाली. "फक्त पंधरा. बाबा, तुमचे पाय कुठेही गेलेले नाहीत. गाडीच वर राहिली आहे. स्प्रिंग दोघांसाठी आवळलेली आहे."

सीटच्या खाली, डाव्या बाजूला, मुठीत मावेल असा काळा नॉब होता. एकट्याने जायचं तर तो सैल करायचा, दोघांनी जायचं तर आवळायचा. कुठल्याही हत्याराशिवाय, हाताने, खटके मोजत. मुलगी खाली वाकली आणि तिने नॉबवर हात ठेवला. "अर्ध्या मिनिटाचं काम आहे. टाचा टेकतील. विकायची गरजच नाही."

"त्याला हात लावू नकोस."

बाबांचा आवाज मोठा नव्हता. पण मुलीने हात काढला.

"बाबा, तुम्ही लिफ्टवाले आहात. दोराच्या पलीकडच्या वजनामुळे रिकामी लिफ्ट वर जायला ओढ घेते, हे तुम्हीच मला शिकवलंत. आतलं वजन निघून गेलं की..."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे? मग दोन वर्षं असेच चवड्यांवर चालवताय?"

बाबा गाडीवरून उतरले. अंगठ्याने पेट्रोलच्या टाकीवरचा नसलेला डाग पुसला. "ते खातं तुझ्या आईचं आहे," ते म्हणाले.

हे खरं होतं. गाडीची कामं त्या दोघांनी सुरुवातीलाच वाटून घेतली होती. साखळी, तेल, हवा बाबांकडे. रस्ता, डबा आणि नॉब आईकडे. निघताना आई हेल्मेट घालून, वाकून, तोंडाने मोजत नॉब आवळायची. परत आल्यावर दात लावून हातमोजा ओढून काढायची, नॉब सैल करायची आणि म्हणायची, "उतरले हो मी." मुलगी वरच्या खिडकीतून हे शब्द ऐकत मोठी झाली होती. शेवटच्या फेरीहून आले तेव्हा आईला धड उभं राहवत नव्हतं. बाबांनी तिला धरून तशीच आत नेली, आत्याला बोलावलं, दवाखान्यात नेलं. नॉब राहून गेला.

"तिने सैल केला नाही," बाबा टाकीकडे बघतच म्हणाले. "मग मी कसा करू?"

आईने अजून हँडल सोडलं नव्हतं. "म्हणजे दोन वर्षं मला मागे घेऊन फिरताय होय?"

"तसं काही नाही."

"तसं नाही तर कसं? आणि सिग्नलला पडलात ते यापायी?"

"पडलो नाही. कललो."

"कललात! दोन माणसांनी उचललं तुम्हाला, आणि म्हणे कललो. अहो, मला एका शब्दाने म्हणायचं, नॉब सैल कर म्हणून. केला असता मी."

"म्हणूनच नाही म्हटलं."

मुलगी टेपचं टोक आत-बाहेर करत राहिली. प्रयोगशाळेत अशा वेळी यंत्र बंद करून बाहेर जाता येई, इथे दाराच्या वाटेवर बाबा उभे होते.

"डॉक्टरांनी मला कधीच मोकळं केलंय," आई शेवटी म्हणाली. "गेल्या वर्षीच. बसा, उठा, फिरा म्हणाले. मी वाट बघत होते तुम्ही कधी म्हणताय, चल म्हणून. तुम्ही आपले रविवारी एकटेच गुपचूप निघायचात. मला वाटलं, आता चढायला-उतरायला ओझं नको असेल यांना."

"ओझं?" बाबांनी पहिल्यांदा मान वर केली. "मला वाटलं, विचारलं तर तुला वाईट वाटेल. पाय टाकता येत नाही म्हणून."

"आणि विचारलं नाही ते फार चांगलं वाटलं!"

तेवढ्यात फळीवर ठेवलेला बाबांचा फोन वाजायला लागला. घेणारा माणूस. बाबांनी हात पुढे केला, पण आई हँडल मुलीच्या हातात देऊन आधीच पोचली होती.

"हो, त्यांच्याच घरून बोलतेय. नाही हो, येऊ नका, उगाच तुमची खेप. नाही, दुसरं गिऱ्हाईक नाही आलं." तिने एकदा गाडीकडे पाहिलं. "गाडी वापरात आहे."

तिने फोन ठेवला आणि गळ्यातली टेप काढून हत्यारांच्या डब्यावर ठेवली.

"आता बसू कशी ते सांगा. ही मागची पेटी आधी काढा, हिच्यावरून काही माझा पाय जायचा नाही."

बाबांनी पेटी काढली. किल्ली दोनदा चुकली. मग ते कोपऱ्यात गेले आणि स्टूल घेऊन आले. गाडीच्या डाव्या बाजूला ठेवलं, हाताने हलवून पाहिलं. हललं नाही.

"हे कुठलं?" आईने विचारलं.

"बनवलं होतं."

"कधी?"

"तू कुबड्या सोडल्यास तेव्हा."

"आणि त्यावर काय बसवलंत इतके दिवस, बरण्या?"

"सामान ठेवतो कधीकधी," बाबा म्हणाले. त्यावर सामान ठेवल्याचा एकही डाग नव्हता.

मुलीने गाडी बाजूच्या स्टँडवर टेकवली, आईला जॅकेट दिलं, हेल्मेट दिलं. आईने ते घातलं, कानाशी हात नेऊन सवयीने बटण दाबलं आणि थबकली. "चार्ज आहे हे!"

"दर बुधवारी करतो," बाबा म्हणाले, आणि स्वतःचं हेल्मेट घालून टाकलं. आता त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

बाबा आधी बसले, स्टँड वर केला, उजव्या हाताने भिंतीवरचा पाण्याचा पाइप धरला. आईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, स्टुलावर चढली आणि थांबली. तिचा श्वास हेल्मेटमधून ऐकू येत होता. मुलगी पुढे झाली, पण आईने बोटाने तिला थांबवलं. मग खुबा न वळवता, पाय हळू, शिवणयंत्राच्या सुईखालून कापड सरकवावं तसा पलीकडे नेला आणि खाली बसली.

गाडी दोघांना घेऊन खाली आली. बाबांच्या टाचा जमिनीला टेकल्या. त्यांनी एकदा खाली पाहिलं, मग पुन्हा पाहिलं.

"दुखतंय का?" हेल्मेटमधून आवाज आला.

"ओरडू नका, मी कानातच आहे तुमच्या. नाही दुखत. सीट कडक झालीये जरा."

"सीट तीच आहे."

"मग मी मऊ झाले असेन. ए मोजपट्टी, मोज ना, किती वेळ बसवून ठेवतेस?"

"पाय वर घ्या दोघांनी," मुलगी म्हणाली. बाबांनी पाइपवरची पकड घट्ट केली आणि पाय वर घेतले. आईने दोन्ही हात त्यांच्या कमरेभोवती घातले, तिथे नऊ वर्षं असत तसे.

मुलीने गुडघे टेकले. टेपचं एक टोक चाकाच्या आसावर, दुसरं सीटखालच्या बोल्टवर. एकदा मोजलं, टेप सोडली, पुन्हा लावून मोजलं. दोन्ही वेळा पाचशे अठ्ठ्याहत्तर.

सहाशे बारातून वजा केले. चौतीस मिलिमीटर.