न उघडलेली कुपी

मित्रांनो, दवाखान्याच्या कपाटावर धूळ खात पडलेला निळा डबा दिसतो ना, तो मी. लसीचा जुना डबा. माझ्या भिंती जाड. आत कडेने बर्फाच्या पिशव्या आणि मधोमध लसीच्या कुप्या. बाहेर कितीही ऊन तापलं तरी मी आतला गारवा सोडत नसे. सिस्टर मला खांद्याला अडकवून गल्लीबोळ पालथे घालायच्या. "माझ्यापेक्षा ह्याचं डोकं थंड," असं सगळ्यांना सांगायच्या. मी फुशारून जायचो.

साथीच्या वर्षी लस घ्यायची तरुणांची पाळी आली. पण ती मंडळी फिरकेनात. कुणाला सुईची भीती, कुणाला ऐकीव गोष्टींची. बऱ्याच जणांना वाटे, आपल्याला काय होतंय!

एका दुपारी शिवणकामाच्या कारखान्यातली एक मुलगी आली. "जा, ताप विकत घेऊन ये," असं मैत्रिणीने चिडवलं होतं, तरी आली.

सिस्टरांनी दाराबाहेर पाहिलं. कुणीच नव्हतं.

"अगं, एका कुपीत दहा जणांची लस असते. उघडली की काही तासांत संपवावी लागते, उरलेली फेकायची. तुझ्या एकटीसाठी कशी उघडू? उद्या ये, मैत्रिणींना घेऊन."

"उद्या मला धीर होईल का, ताई?"

"न व्हायला काय झालं!" सिस्टर हसल्या.

ती गेली. कुपी माझ्या पोटात सुखरूप राहिली. काही वाया गेलं नाही म्हणून मीही खूश होतो.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्यानंतरही नाही.

पुढे कित्येक आठवड्यांनी ती दिसली, तेव्हा दवाखान्याच्या पायऱ्या चढताना मध्येच टेकली. साथीने तिला गाठलं होतं. जीव वाचला, पण दम राहिला नव्हता. मैत्रिणीने तिला दंडाला धरलं होतं.

"हिला लस द्या, ताई," ती मुलगी धापा टाकत म्हणाली. "एकटीच आहे. चालेल?"

मैत्रिणीची मान खाली. "परत पाठवलं ना, सुटलीस, आता जाऊ नकोस, असं मीच हिला म्हटलं होतं."

"परत तर मीच पाठवलं," सिस्टर म्हणाल्या. मग त्यांनी माझं झाकण काढून कुपी उघडली. एकीसाठी. उरलेली लस संध्याकाळी फेकून दिली.

आता माझं झाकण घट्ट बसत नाही, म्हणून मी कपाटावर आहे. त्याचं मला वाईट वाटत नाही. पण पायऱ्यांवर कुणाला धाप लागली की ती पहिली कुपी आठवते. किती जपली होती मी!

मित्रांनो, कुणी घाबरत घाबरत दारापर्यंत आलं, तर त्याला उद्या बोलावू नका.